अधिशोषण आणि आयन-विनिमय: कॉलम भरण्यापासून रिजनरेशनपर्यंत

विरघळलेला पदार्थ गाळणीत अडकत नाही. पाण्यातला रंग, फिनॉल, कॅल्शियम, निकेल यांपैकी काहीही बाहेर काढायचं असेल, तर त्याला बसायला पाण्यापेक्षा सोयीची जागा द्यावी लागते. अधिशोषणात ही जागा म्हणजे सच्छिद्र घन पदार्थाचा पृष्ठभाग. आयन-विनिमयात ती म्हणजे रेझीन या कृत्रिम पदार्थाच्या मण्यातला विद्युतभारित गट, आणि तिथे आधीच दुसरा आयन बसलेला असतो. दोन्हींत पदार्थ पकडण्याचं काम बहुतेक वेळा आपोआप होतं. कसब लागतं ते पकडलेलं हवं तेव्हा आणि हव्या क्रमानं सोडवायला. प्रयोग फसतात तेही बहुधा तिथेच.

पृष्ठभागावर काय घडतं

अवशोषणात एक पदार्थ दुसऱ्याच्या आत सगळीकडे मुरतो, जसा अमोनिया पाण्यात. अधिशोषणात तो फक्त पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे सगळा हिशेब क्षेत्रफळाचा होतो. चांगल्या सक्रिय कार्बनच्या १ ग्रॅममध्ये साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, आणि तो जवळपास सगळा आतल्या छिद्रांच्या भिंतींचा असतो. म्हणूनच कार्बन दळून बारीक केला तरी क्षमता फारशी वाढत नाही. वाढतो तो वेग, कारण रेणूला आत शिरायचं अंतर कमी होतं.

कार्बनवर काय टिकेल याचा ठोकताळा सोपा आहे: जे पाण्यात नाखुशीनं विरघळतं, ते कार्बनवर खुशीनं बसतं. मोठे, वलययुक्त सेंद्रिय रेणू छान बसतात. मीठ, मिथेनॉल यांना कार्बन जवळजवळ ओळखतच नाही. पीएचही पाहावा लागतो. फिनॉलचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे अर्धे रेणू आयन बनतात तो आकडा, साधारण १० आहे. पीएच ७ ला तो अखंड रेणू म्हणून असतो आणि चांगला बसतो. पीएच १२ ला तो आयन बनतो, पाण्यात रमतो आणि कार्बन सोडतो. कार्बनवर बसलेला फिनॉल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानं बऱ्यापैकी सुटतो तो याच कारणानं.

अधिशोषणात उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवलं की पकड ढिली होते. ओलावा धरलेलं सिलिका जेल १२० ते १५० अंश सेल्सियसला तापवलं की पुन्हा वापरता येतं. मॉलिक्युलर सीव्हची (एकसारख्या बारीक छिद्रांच्या घन पदार्थाची) पाण्यावरची पकड जास्त घट्ट, त्याला २५० ते ३०० अंश लागतात. घरगुती ओव्हनमध्ये २०० अंशांवर ठेवून ते पूर्ण कोरडं झालं असं समजणं ही नेहमीची चूक. सीव्हची निवड छिद्राच्या मापावर होते. ३ए प्रकाराचं छिद्र सुमारे ०.३ नॅनोमीटर असतं: पाण्याचा रेणू आत जातो, इथेनॉलचा बाहेर राहतो. ऊर्ध्वपातनानं इथेनॉल वजनानं ९५.६ टक्क्यांवर अडतं, त्यापुढचं पाणी काढायला ३ए वापरतात ते यासाठीच.

किती कार्बन लागेल: बाटलीतली चाचणी

पिशवीवर छापलेला आयोडीन क्रमांक पाहून मात्रा ठरवू नका. तो आयोडीनसाठी असतो, तुमच्या पदार्थासाठी नाही. मिथिलीन ब्लू रंग घेऊन पद्धत पाहू. तुमच्या द्रावणासाठी हीच रीत चालते.

लिटरला १०० मिलिग्रॅम रंगाचं द्रावण करा. सहा बाटल्यांत प्रत्येकी २५० मिली घ्या. पाच बाटल्यांत बारीक पूड केलेला, ११० अंशांवर वाळवलेला कार्बन अनुक्रमे ५०, ७५, १००, १२५ आणि १५० मिलिग्रॅम घाला. सहावी बाटली कार्बनशिवाय ठेवा. हा रंग काचेलाही चिकटतो, तेव्हा या बाटलीवाचून काचेनं खाल्लेला रंग कार्बनच्या खात्यावर जमा होतो. सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला किमान दोन तास हलवत ठेवा. पुडीऐवजी दाणेदार कार्बन असेल, तर एक दिवससुद्धा कमी पडू शकतो. एक तासाच्या अंतरानं दोन वाचनं सारखी आली म्हणजे समतोल झाला असं धरा.

नंतर कार्बन वेगळा करा. फिल्टर कागदही रंग ओढतो, म्हणून सेंट्रिफ्यूज उत्तम. कागदच वापरायचा तर गाळलेले पहिले १५-२० मिली टाकून द्या. उरलेला रंग ६६४ नॅनोमीटरवर मोजा.

सूत्र एवढंच: प्रति ग्रॅम बसलेला रंग = (सुरुवातीची संहती − उरलेली संहती) × द्रावणाचे लिटर ÷ कार्बनचे ग्रॅम. समजा, १०० मिलिग्रॅम कार्बनच्या बाटलीत लिटरला २० मिलिग्रॅम रंग उरला. तर ८० × ०.२५ ÷ ०.१ = ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम. पाचही बाटल्यांचे आकडे लॉग-लॉग कागदावर मांडा. रेषा सरळ आली, तर फ्रॉइंडलिशचं समीकरण लागू पडतं: बसलेलं प्रमाण = के × (उरलेली संहती)चा एकापेक्षा लहान घात. के हा आलेखावरून मिळणारा स्थिरांक. क्षमता एका आकड्यावर जाऊन थांबत असेल, तर लॅंगम्यूरचं समीकरण जास्त जुळतं. पृष्ठभागावर एकच थर बसतो हे त्यामागचं गृहीतक.

एकदम सगळा कार्बन का घालू नये

आता या आकड्यांचा खरा उपयोग. समजा, के = ५० आणि घात ०.३ आला. द्रावण लिटरला १०० मिलिग्रॅमवरून १ वर आणायचं आहे. एकाच वेळी कार्बन टाकला, तर तो शेवटच्या १ मिलिग्रॅमच्या पाण्याशी समतोलात राहतो, तिथे त्याची क्षमता फक्त ५०. म्हणजे ९९ ÷ ५० = लिटरला १.९८ ग्रॅम कार्बन.

तेच दोन टप्प्यांत करा. आधी १०० वरून १० वर: १० मिलिग्रॅमला क्षमता जवळपास १००, म्हणून ०.९ ग्रॅम. तो गाळून काढा, मग ताज्या कार्बननं १० वरून १ वर: ०.१८ ग्रॅम. एकूण १.०८. काम तेच, कार्बन निम्मा.

कॉलममध्ये, म्हणजे कार्बन भरलेल्या उभ्या नळीत, याहूनही पुढे जाता येतं. आत येणारं पाणी सतत १०० मिलिग्रॅमचं असतं, त्यामुळे वरचा कार्बन त्या संहतीला भरतो, म्हणजे ग्रॅमला १९९ मिलिग्रॅमपर्यंत. कागदावर लिटरमागे ०.५ ग्रॅम पुरतो. प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही, कारण भरलेला थर आणि ताजा थर यांच्यामध्ये एक अर्धवट भरलेला पट्टा असतो. तो खाली सरकत तळाशी पोचला की बाहेरच्या पाण्यात पदार्थ दिसू लागतो. हाच ब्रेकथ्रू. त्या क्षणी पट्ट्यातला कार्बन अर्धवट रिकामाच असतो. प्रवाह जितका वेगवान आणि दाणा जितका जाड, तितका पट्टा लांब. कॉलम आखूड असून पट्टा त्याहून लांब असेल, तर पहिल्या थेंबापासून गळती दिसते, आणि लोक कार्बनला दोष देतात.

कार्बनचा कॉलम भरताना दोन गोष्टी टाळल्या की निम्मे त्रास वाचतात. कोरडा कार्बन ओतू नका. आधी रात्रभर पाण्यात भिजवा, छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ द्या, काळी पूड धुऊन टाका, आणि मग पाण्यानं अर्ध्या भरलेल्या कॉलममध्ये चिखलासारखा सोडा. दुसरं, कॉलमचा व्यास दाण्याच्या किमान २० पट ठेवा, नाहीतर पाणी भिंतीलगत निसटतं. पाणी आणि कार्बनचा संपर्क किती वेळ? कार्बनचं घनफळ भागिले प्रवाह. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांसाठी १० मिनिटांनी सुरुवात करा.

मोठ्या टाकीत काम करणाऱ्यांसाठी एक इशारा: ओला सक्रिय कार्बन हवेतला ऑक्सिजनही धरतो. बंद टाकीत ऑक्सिजन जीवघेण्या पातळीपर्यंत उतरू शकतो. मोजल्याशिवाय आत उतरू नये. आणि कीटोनची वाफ कार्बनमधून नेताना थर तापून पेट घेऊ शकतो, तेव्हा तापमानावर नजर हवी.

आयन-विनिमय: रिकामी खुर्ची नसते

कार्बनच्या पृष्ठभागावर मोकळ्या जागा असतात. रेझीनमध्ये एकही नसते. नेहमीचं तीव्र आम्ल धन आयन रेझीन म्हणजे पॉलिस्टायरीनची साखळी, डायव्हायनिल बेंझीननं जाळ्यासारखी बांधलेली, आणि तिला चिकटलेले सल्फोनिक गट. हे गट ऋणभारित असतात, आणि प्रत्येकाजवळ एक धन आयन असावाच लागतो. एक कॅल्शियम आत गेला तर दोन सोडियम बाहेर. म्हणूनच मृदू केलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) घटत नाही. ४० ग्रॅम कॅल्शियमच्या जागी ४६ ग्रॅम सोडियम येतं, म्हणजे थोडा वाढतोच. टीडीएस मीटरनं मृदूकरण तपासणाऱ्याला काहीच कळत नाही.

रेझीनला आवडनिवड असते. तीव्र आम्ल रेझीनचा पसंतीचा उतरता क्रम साधारण असा: बेरियम, शिसं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम, हायड्रोजन. तीव्र आम्लारी रेझीनचा (यातले गट धनभारित, म्हणून ते ऋण आयन धरतं): सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड, बायकार्बोनेट, हायड्रॉक्साइड. मग सोडियमपेक्षा कॅल्शियम इतका आवडत असेल, तर मिठाच्या पाण्यानं तो सुटतो कसा? फक्त सोडियमची गर्दी हे अर्धंच उत्तर. विरळ पाण्यात दोन भाराच्या आयनाला मिळणारी पसंती द्रावण घट्ट होत जाईल तशी घसरते. १० टक्के मिठाच्या द्रावणात कॅल्शियमचा वरचष्मा बराच ओसरतो. तेवढंच मीठ १ टक्का द्रावणात वापरलं, तर काम नीट होत नाही.

१०० मिली रेझीनचा कॉलम

२५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, निदान ४५ सेंटिमीटर लांब नळी घ्या. १०० मिली रेझीन तिच्यात सुमारे २० सेंटिमीटर उंची घेतं. वरची मोकळी जागा बॅकवॉशसाठी हवी. रेझीन नवीन असेल तर ओलसर येतं, ते तसंच पाण्यात सोडा. कधी पूर्ण वाळलंच, तर साध्या पाण्यात टाकू नका: मणी झपाट्यानं फुगतात आणि तडकतात. आधी संपृक्त मिठाच्या पाण्यात भिजवा, मग टप्प्याटप्प्यानं विरळ करा.

हिशेब: या रेझीनची पूर्ण क्षमता लिटरला सुमारे २ इक्विव्हॅलंट (म्हणजे २ मोल एकेरी भार), अर्थात १०० मिलीला २०० मिलीइक्विव्हॅलंट. पाण्याचा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेट म्हणून लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर ३०० ÷ ५० = ६ मिलीइक्विव्हॅलंट (कॅल्शियम कार्बोनेटच्या ५० मिलिग्रॅमला १). कागदावर ३३ लिटर पाणी मृदू व्हावं. प्रत्यक्षात २० लिटर धरा, कारण रिजनरेशन, म्हणजे मिठानं रेझीन पुन्हा सोडियम रूपात आणणं, कधीच पूर्ण होत नाही आणि होऊ देणं परवडतही नाही. लिटर रेझीनला ८० ग्रॅम मीठ दिलं, तर वापरती क्षमता ०.९ इक्विव्हॅलंटच्या आसपास मिळते. १६० ग्रॅम दिलं तर १.२ च्या आसपास. मीठ दुप्पट, फायदा एक तृतीयांश. किती द्यायचं हे तुम्हाला मीठ वाचवायचं आहे की कठीणपणा अगदी शून्याजवळ आणायचा आहे, यावर ठरतं.

१. बॅकवॉश: खालून पाणी सोडून थर दीडपट फुगेपर्यंत प्रवाह वाढवा. १० मिनिटं ठेवा, गाळ आणि फुटके मणी वाहून जाऊ द्या. मग प्रवाह बंद करून मणी शांतपणे बसू द्या.

२. मीठ: १६ ग्रॅम मिठाचं १६० मिली द्रावण करा, गाळून घ्या. मिनिटाला ४ मिली या वेगानं वरून सोडा. ४० मिनिटं लागतील. घाई केली तर मीठ मण्याच्या आत पोचायच्या आधीच बाहेर पडतं.

३. सावकाश धुणं: त्याच वेगानं २०० मिली मृदू किंवा ऊर्ध्वपातित पाणी. इथे कठीण पाणी वापरलं तर आत्ताच रिकामा केलेला थर पुन्हा भरायला लागतो.

४. जलद धुणं: मिनिटाला २५ मिली वेगानं ४०० मिली, किंवा खारट चव जाईपर्यंत.

५. वापर: तासाला १ ते २ लिटर. दर लिटरला नमुना घ्या, १५ लिटरनंतर दर पाव लिटरला.

नमुन्याचा कठीणपणा मोजायला ५० मिली पाण्यात पीएच १० चं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घाला, आणि ०.०१ मोलर ईडीटीएनं वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत टायट्रेट करा. १ मिली ईडीटीए म्हणजे नमुन्यात १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट.

कोणत्याही टप्प्यात पाण्याची पातळी थराखाली उतरू देऊ नका. हवा शिरली की पाणी ठरावीक वाटांनीच जातं. अशा वेळी वरून पाणी वाढवून उपयोग होत नाही. पुन्हा बॅकवॉशच करावा लागतो.

बिघाड कसे ओळखावेत

पहिल्या लिटरपासूनच थोडा कठीणपणा दिसत असेल, तर मीठ कमी पडलं आहे. वरून मीठ, वरूनच पाणी या पद्धतीत तळाचा थर सर्वांत कमी साफ होतो, आणि बाहेर पडणारं पाणी नेमकं त्याच थराला शेवटी स्पर्श करतं. मीठ खालून वर नेलं तर ही गळती कमी होते, पण थर हलता कामा नये.

सुरुवात स्वच्छ, पण २० ऐवजी १२ लिटरलाच दम संपतो? थर उकरून पाहा. मणी तपकिरी-लाल असतील तर लोह आहे. विरघळलेलं फेरस लोह आत येतं, हवा लागून फेरिक होतं आणि मण्यावर गंजासारखं बसतं. मिठानं ते निघत नाही. सोडियम हायड्रोसल्फाइटचं किंवा सायट्रिक आम्लाचं द्रावण तासभर ठेवून भरपूर धुवा. मणी रंगानं ठीक पण बोटांत चेपले जातात, मऊ लागतात, तर क्लोरीननं जाळ्याच्या गाठी तोडल्या आहेत. याला औषध नाही. रेझीन बदला, आणि पुढच्या वेळी आधी कार्बनचा थर लावा. दोन पद्धती एकामागे एक जोडल्या जातात त्यामागचं हे एक चांगलं कारण.

क्षारमुक्त पाण्यासाठी हायड्रोजन रूपातलं धन आयन रेझीन आधी आणि हायड्रॉक्साइड रूपातलं ऋण आयन रेझीन नंतर ठेवतात. उलट केलं तर हायड्रॉक्साइडला भेटून मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा साका थरातच बसतो. कॅल्शियमनं भरलेलं रेझीन सल्फ्युरिक आम्लानं साफ करतानाही हाच धोका: कॅल्शियम सल्फेट मण्यांमध्ये सिमेंटसारखं जमतं. आधी २ टक्के आम्ल वेगानं, नंतर ४ टक्के. ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर हा प्रश्नच येत नाही. नायट्रिक आम्ल मात्र ऋण आयन रेझीनजवळ नेऊ नका. तीव्र ऑक्सिडीकारक आणि सेंद्रिय रेझीन यांच्या भेटीतून स्फोट झाले आहेत.

सोडवण्यातून वेगळेपण: कोबाल्ट आणि निकेल

मृदूकरणात सगळे कठीण आयन एकत्र सोडले तरी चालतात. पण एकमेकांसारख्या दोन धातूंना वेगळं करायचं असेल तर रेझीनची स्वतःची आवड फार तोकडी पडते, आणि सोडवणारं द्रावणच काम करतं. विरल मृदा धातू असेच सायट्रेटसारख्या द्रावणांनी एकामागून एक सोडवले गेले. १९४५ मध्ये प्रोमेथियम हे मूलद्रव्य युरेनियमच्या विखंडनातून आलेल्या मिश्रणात याच पद्धतीनं ओळखलं गेलं.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर कोबाल्ट-निकेलचा प्रयोग करा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात कोबाल्ट चार क्लोराइड जवळ घेऊन ऋण आयन बनतो. निकेल बनत नाही. म्हणून धातूंसाठी ऋण आयन रेझीन वापरायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं.

१० मिलिमीटर व्यासाच्या नळीत क्लोराइड रूपातलं १० मिली तीव्र आम्लारी रेझीन भरा, १०० ते २०० मेशचं, म्हणजे बारीक मण्यांचं. ९ मोलर आम्ल करायला साधारण १२ मोलरचं संहत आम्ल ७५० मिली घेऊन पाण्यात ओता आणि १ लिटर करा. हे सगळं फ्यूम हुडमध्ये, हातमोजे-चष्म्यासह. ३० मिली ९ मोलर आम्ल कॉलममधून जाऊ द्या. थर आक्रसेल, घाबरू नका. मग प्रत्येकी १० मिलिग्रॅम निकेल आणि कोबाल्ट असलेलं १ मिली ९ मोलर आम्ल वर सोडा. वर निळा पट्टा बसेल तो कोबाल्टचा. मिनिटाला अर्धा ते एक मिली वेगानं ९ मोलर आम्ल चालू ठेवा. पहिल्या २०-३० मिलीत निकेल बाहेर येतं. थेंबभर द्राव अमोनियानं आम्लारीधर्मी करून डायमिथिलग्लायऑक्झिम घाला: गुलाबी-लाल साका म्हणजे निकेल अजून येतंय. साका थांबला की भांडं बदला आणि ४ मोलर आम्ल ओता. क्लोराइड कमी झालं की कोबाल्ट आपला ऋणभार गमावतो आणि खाली उतरतो. मिश्रणात लोह असेल तर ते तरीही धरून राहतं, त्याला ०.५ मोलरपर्यंत उतरावं लागतं.

दोन पट्टे एकमेकांत शिरले, तर बहुतेक वेळा नमुना जास्त मोठ्या आकारमानात टाकलेला असतो किंवा प्रवाह वेगवान असतो. आधी ९ मोलर ऐवजी ७ मोलर आम्ल तर झालं नाही ना, हेही तपासा. तेवढ्यानंही कोबाल्टची पकड ढिली पडते. निकेलची संयुगं कर्करोगकारक आहेत, तेव्हा गोळा केलेले द्राव उदासीन करून धातूंच्या टाकाऊ भांड्यात जातात, मोरीत नाही. कॉलम ०.५ मोलर आम्लानं, मग पाण्यानं धुऊन, थरावर दोन बोटं पाणी राहील असा दोन्ही टोकांनी बंद करून ठेवा.